होनिस्टरची खिंड

इंग्लंडच्या वायव्येस असलेल्या सरोवरांच्या प्रदेशात जो मराठी प्रवासी जातो, तो बहुधा वर्डस्वर्थचे बोट धरूनच जातो. शाळेच्या इंग्रजी पुस्तकातील पिवळ्या फुलांच्या कवितेने आमच्या दोनतीन पिढ्यांच्या मनावर या मुलखाचे जे चित्र उमटवून ठेवले, त्यात जलाशय आहेत, मेघ आहेत, कुरणे आहेत, एकटाच हिंडणारा कवीही आहे; परंतु त्यात एकही मजूर नाही, आणि ज्या डोंगरांच्या पायथ्याशी तो कवी हिंडला ते डोंगर त्याच्या जन्माच्या दोनशे वर्षे आधीपासून आतून पोखरले जात होते, याची पुसटशीही कल्पना त्या चित्रावरून येत नाही. मी तिकडे गेलो तो बॉरोडेलच्या खोऱ्यात मुक्काम करावा, होनिस्टरची खिंड ओलांडावी आणि पलीकडे बटरमिअरच्या काठी उतरावे, एवढ्याच हेतूने. आणि या मर्यादित प्रवासात माझ्या मनाने जे घेतले ते हे, की या भूमीच्या सौंदर्याचा जमाखर्च मांडावयाचा तर तिच्या कवींइतकीच तिच्या खाणकऱ्यांचीही खाती उघडून पाहिली पाहिजेत.

पेनरिथच्या स्थानकावर आगगाडी सोडली, की केझिकला जाण्यासाठी आता बसचाच आश्रय करावा लागतो. एके काळी या दोन गावांमध्ये लोहमार्ग होता. तो १८६५ मध्ये उतारूंसाठी खुला झाला आणि १९७२ मध्ये बंद पडला. या लोहमार्गाशी आपले पुढे काम पडणार आहे, म्हणून त्याची नोंद येथेच करून ठेवतो. केझिक हे बाजाराचे गाव. उत्तरेस स्किडॉचा गुळगुळीत, भारदस्त डोंगर आणि दक्षिणेस डर्वेंटवॉटर हे सरोवर, अशा दोन थोरांच्या मध्ये बसलेले. कवी कोलरिज येथे १८०० साली येऊन राहिला, आणि सदे हा दुसरा कवी तर त्याच घरात चाळीस वर्षे नांदला. परंतु आजच्या केझिकमध्ये काव्यापेक्षा पावसाळी कोट आणि डोंगरी बूट यांचाच व्यापार अधिक जोमाने चालतो, आणि तेथील हवा दोन दिवस अनुभवल्यावर त्या व्यापाराला नावे ठेवण्याचे धाडस कोणी करणार नाही.

डर्वेंटवॉटरमध्ये चार बेटे आहेत. त्यांपैकी गावाच्या सर्वांत जवळचे, दाट झाडीचे बेट लोक नौकेतून कौतुकाने न्याहाळतात; पण सोळाव्या शतकात त्यावर कोणाची वस्ती होती हे फारच थोड्यांना ठाऊक असते. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत, १५६४ च्या सुमारास, तांब्याच्या शोधार्थ जर्मन मुलखातून खाणकरी आणविण्यात आले. ऑग्सबर्गच्या सावकारी पेढीचे द्रव्य, डॅनियल हेखस्टेटरची देखरेख आणि इंग्लंडच्या दरबाराची सनद, अशा त्रिवेणी संगमातून हा उद्योग उभा राहिला. १५६८ मध्ये राजखाणींच्या मंडळीला रीतसर सनद मिळाली, केझिकजवळ भट्ट्या पेटल्या, आणि सरोवराच्या पश्चिमेस न्यूलँड्सच्या खोऱ्यातील गोल्डस्कोप नावाच्या खाणीतून तांब्याची धातुमाती येऊ लागली. परक्या भाषेचे, परक्या चालीचे हे लोक आपल्या डोंगरात येऊन बसावेत ही गोष्ट स्थानिकांना रुचली नाही, मारामाऱ्या झाल्या, आणि म्हणूनच त्या पाहुण्यांनी पाण्याने वेढलेल्या बेटावर आपले बस्तान हलविले. पुढे मात्र काळाने आपले नित्याचे काम केले. क्रॉस्थवेटच्या चर्चच्या दप्तरात जर्मन वर आणि कंबरलंडच्या वधू यांच्या विवाहांच्या नोंदी एकामागून एक आढळतात.

याच तांब्यावरून राणी आणि नॉर्थंबरलंडचा अर्ल यांच्यामध्ये मोठा खटला उभा राहिला. जमीन अर्लची, तेव्हा तिच्या पोटातील धातूही आपलीच, असा त्याचा दावा; तर ज्या धातुमातीत सोन्यारुप्याचा अंश आहे ती राजाची, असे सरकारपक्षाचे म्हणणे. १५६८ मध्ये निकाल राणीच्या बाजूने लागला. अर्लचे दुर्दैव तेवढ्यावर थांबले नाही; पुढच्याच वर्षी उत्तरेकडील सरदारांच्या बंडात तो सामील झाला आणि १५७२ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. भूमीच्या वरचा धनी कोण आणि खालचा कोण, हा जो प्रश्न आजही जगातील प्रत्येक खाणीच्या तोंडाशी उभा राहतो, त्यावर इंग्लंडच्या कायद्याने आपले उत्तर शोधले ते या शांत दिसणाऱ्या सरोवराच्या परिसरातील एका डोंगरामुळे.

केझिकहून दक्षिणेस निघालेला रस्ता सरोवराच्या पूर्व तीरावरून ग्रेंज या गावापाशी येतो, आणि तेथे दोन्ही बाजूंचे डोंगर इतके जवळ येतात की खोऱ्यात शिरावयास नदीपुरती आणि रस्त्यापुरतीच जागा उरते. या चिंचोळ्या भागात कॅसल क्रॅग नावाचा सुमारे २९० मीटर उंचीचा सुळका उभा आहे. त्याच्या अंगात पाटीच्या दगडाची एक जुनी खाण आहे, आणि तिच्या एका गुहेत दोन महायुद्धांच्या दरम्यान मिलिकन डाल्टन नावाचा एक विलक्षण गृहस्थ उन्हाळे काढीत असे. लंडनच्या कचेरीतील कारकुनी सोडून आलेला, स्वतःचे कपडे स्वतः शिवणारा आणि स्वतःला ‘साहसाचा प्राध्यापक’ म्हणविणारा हा मनुष्य १९४७ मध्ये वारला. खाणकऱ्यांनी पोटासाठी केलेल्या पोकळीत पोटाची चिंता झुगारून देणाऱ्याने घर थाटावे, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटला. बाउडर स्टोन नावाचा, घरापेक्षा मोठा असा एक सुटा धोंडा जवळच आहे; त्याला शिडी लावली आहे, आणि शिडी लावलेल्या धोंड्याविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण दिसत नाही.

पुढे रॉस्थवेट, स्टोनथवेट, सीटोलर आणि सीथवेट ही गावे लागतात. गावे म्हणावयाची ती केवळ शिष्टाचाराने. दहापंधरा घरे, एखादी खानावळ, पांढऱ्या चुन्याच्या भिंती, त्यांवर करड्या-हिरव्या दगडी पट्ट्यांची छपरे आणि भोवती चुन्याशिवाय रचलेल्या दगडी कुंपणांची जाळी. रॉस्थवेटला मी जेथे उतरलो होतो त्या घरची वृद्ध मालकीण रोज सकाळी खिडकीबाहेर पाहून ‘आज हवा बरी आहे’ असे म्हणे, आणि मग मी छत्री घेऊन बाहेर पडे. सीथवेट हे इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाचे वस्तीचे ठिकाण होय. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तेथे पडतो. आंबोली आणि महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला हा आकडा ऐकून थोडी शेखी मिरविण्याचा मोह होतो खरा. परंतु आमचा पाऊस चार महिन्यांत आपला हिशेब चुकता करून मोकळा होतो, तर तेथला पाऊस बारा महिने हप्त्याहप्त्याने वसुली करीत राहतो, आणि अंगावर वागविण्यास हा दुसरा प्रकारच अधिक जड. शिवाय तो पाऊस प्रसंगी काय करू शकतो हे ५ डिसेंबर २०१५ रोजी दिसून आले. त्या दिवशी संपलेल्या चोवीस तासांत होनिस्टरच्या खिंडीत ३४१.४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ब्रिटनमध्ये चोवीस तासांत इतका पाऊस त्यापूर्वी कोठेही नोंदला गेला नव्हता, आणि त्या वादळाने खालच्या खोऱ्यांतील पूल वाहून नेले.

सीथवेटच्या वरच्या उतारावर, यू जातीच्या ज्या पुरातन वृक्षांवर वर्डस्वर्थने कविता लिहिली त्यांच्या मागे, दगडमातीच्या ढिगांची एक माळ डोंगरावर चढत गेलेली दिसते. प्रवासी वृक्ष पाहतात आणि माघारी वळतात. मी मात्र त्या ढिगांकडे चढलो; कारण जगातील शिसपेन्सिलीची जन्मकथा या उतारावर सुरू होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास येथे शुद्ध ग्रॅफाइटचा साठा सापडला. वादळाने एक झाड उन्मळून पडले आणि त्याच्या मुळांखाली हा काळा, बोटांना माखणारा पदार्थ दिसला, अशी दंतकथा आहे. स्थानिक लोक त्याला ‘वॉड’ म्हणत आणि त्याने आपल्या मेंढ्यांवर खुणा करीत. ग्रॅफाइट इतरत्रही सापडते. परंतु करवतीने कापून थेट कांडी करता यावी इतके घट्ट, निर्भेळ आणि विपुल ग्रॅफाइट याच डोंगरात मिळाले. हा पदार्थ म्हणजे कार्बनचेच एक रूप, हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखविले ते १७७९ मध्ये. तोवर दोन शतके लोक त्याला शिशाचाच एक प्रकार समजत आले होते.

मेंढपाळांच्या या काजळीचे भाग्य पालटले ते तोफांमुळे. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून ग्रॅफाइटचा लेप दिला असता गोळा अधिक गोल आणि गुळगुळीत उतरतो, हे कळताच तिची किंमत भडकली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तम मालाला पौंडाला तीस शिलिंगांहूनही अधिक भाव येत असे. मग जे सर्वत्र होते तेच झाले: चोऱ्या, लाच, रात्रीच्या वाटा, केझिकच्या खानावळीतील गुप्त सौदे. १७५२ मध्ये पार्लमेंटने खास या खाणींसाठी कायदा केला आणि वॉडची चोरी हा सक्तमजुरीस किंवा समुद्रपार हद्दपारीस पात्र असा गुन्हा ठरविला. खाणीच्या तोंडावरच पहाऱ्याचे घर बांधण्यात आले. काम संपवून बाहेर येणाऱ्या मजुराला तेथे अंगावरचे कपडे उतरवून झडती द्यावी लागे. मालकांची हिकमत तर याहून पुढची होती. भाव पडू नये म्हणून वर्षाकाठी काही आठवडेच काम चालवावयाचे, पुरेसा माल काढावयाचा आणि मग खाण बंद करून तिच्यात पाणी सोडावयाचे. डोंगरालाच कुलूप लावण्याची ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला व्यापाराचे वर्म पुरते कळले होते यात संशय नाही.

परंतु मक्तेदारीला शत्रू निर्माण होतो तो तिच्याच कडेकोट बंदोबस्तातून. फ्रान्सशी युद्ध पेटले, इंग्लंडचा माल तिकडे जाणे थांबले, आणि १७९५ मध्ये निकोला-झाक काँते या फ्रेंच गृहस्थाने हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची भुकटी चिकणमातीत मळून, भट्टीत भाजून कांडी तयार करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. आज आपण ज्या पेन्सिलीने लिहितो ती काँतेच्या कृतीची आहे. तिला सीथवेटच्या शुद्ध साठ्याची गरज उरली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाण बंद पडली. केझिकमध्ये १८३२ साली सुरू झालेला पेन्सिलीचा कारखानाही आता गावात राहिलेला नाही, तो समुद्रकिनाऱ्याकडच्या वर्किंग्टनला गेला. मागे उरले आहे ते पेन्सिलींचे एक संग्रहालय. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी पोटात नकाशा आणि होकायंत्र लपविलेल्या पेन्सिली याच गावात गुप्तपणे तयार होत; तो नमुना तेथे पाहावयास मिळतो, आणि माझ्या मते सबंध संग्रहालयात तेवढीच वस्तू थांबून पाहण्यासारखी आहे.

सीटोलर सोडताच होनिस्टरचा चढ सुरू होतो. रस्ता चारास एक या प्रमाणात चढतो, बाजूने ओढा फेसाळत उतरतो, आणि मोटारी पहिल्या गतीत कण्हत जातात. मी पायी निघालो होतो आणि त्याचा मला पश्चात्ताप झाला नाही. कारण डांबरी रस्त्यापासून जरा बाजूला जुनी गाडीवाट अजून शाबूत आहे, आणि तिच्यावरून जाताना खालचे खोरे, त्यातील कुंपणांची जाळी आणि हर्डविक जातीच्या करड्या मेंढ्या हळूहळू लहान होत जाताना दिसतात. चढता चढता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या पिढीच्या शिक्षणाचा आरंभ दगडी पाटीवर झाला आणि पाटी सुटली तेव्हा हाती शिसपेन्सिल आली. विद्येची ही दोन उपकरणे ज्या दोन द्रव्यांची, ती दोन्ही या एकाच डोंगरात, एकमेकांपासून तासाभराच्या चालीवर निघत आली आहेत. होनिस्टरचा दगड मुलांच्या पाट्यांसाठी नव्हे, छपरांसाठी गेला हे खरे. तरीही त्या खिंडीत पाऊल टाकताना परक्या भूमीत आलो आहोत असे मला वाटले नाही.

खिंडीचा माथा ३५६ मीटर उंच आहे. आमच्या सह्याद्रीच्या हिशेबाने ही उंची किरकोळच; पण तेथे उभे राहिले असता उंचीच्या आकड्याचा विसर पडतो. उजवीकडे डेल हेड, डावीकडे फ्लीटविथ पाइक, आणि त्या दोघांच्या कड्यांमधून पश्चिमेकडे झेपावत गेलेली दरी. कड्याच्या उभ्या अंगावर ठिकठिकाणी काळी तोंडे दिसतात, त्यांच्याखाली दगडाच्या चुऱ्याचे ओघळ, आणि कड्याला तिरप्या चिकटलेल्या अरुंद वाटा. त्यांवरून मनुष्ये कामाला जात होती यावर प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही. हा हिरवट दगड मूळचा ज्वालामुखीची राख. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी ती पाण्यात थरांनी निवळली, पुढे पर्वत उभे राहताना भूकवचाच्या दाबाखाली सापडली आणि तिला असे गुण प्राप्त झाले, की कसबी हाताने छिन्नी योग्य जागी लावून हातोड्याचा ठोका दिला तर धोंड्याचे पातळ, सरळ पापुद्रे सुटे व्हावेत. उत्तरेकडील स्किडॉचा दगड याहूनही जुना, पण तो समुद्रतळच्या गाळाचा. म्हणून त्याचे डोंगर गोलाकार आणि याचे कराल. केझिकपासून येथपर्यंत आलेल्या प्रवाशाला देखाव्यात जो बदल जाणवतो, त्याचे कारण एवढे साधे आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांपासून येथे दगड निघू लागला. आरंभी तो तट्टांच्या पाठीवर लादून ग्रेट गेबल या डोंगराच्या कुशीतून, वॉसडेलमार्गे समुद्राकडे नेत. त्या वाटेला मोझेसची वाट म्हणतात. मोझेस रिग नावाचा कोणी खाणकरी दगडाच्या ओझ्याखाली चोरटी दारू आणि वॉड लपवून नेई, अशी आख्यायिका आहे. मनुष्य खरा की कल्पित याचा निवाडा कोणी करू शकलेले नाही, पण वाट खरी आहे आणि तिची आखणी करणाऱ्याला डोंगराची नाडी कळली होती. कड्यावरच्या खाणींतून रस्त्यापर्यंत माल उतरविण्याची रीत मात्र याहून भयंकर होती. दगडी पट्ट्या एका लाकडी घसरगाडीवर रचावयाच्या, सुमारे पाव टनाचे ते ओझे पाठीशी घेऊन मनुष्याने पुढच्या दांड्यांमध्ये उभे राहावयाचे, आणि सुट्या दगडांच्या उभ्या उतारावरून, टाचांच्या जोरावर तोल सांभाळीत, गाडीच्या पुढे धावत खाली यावयाचे. पाय घसरला तर मागचे ओझे अंगावर. खाली आल्यावर रिकामी गाडी पाठीवर घ्यावयाची आणि तोच कडा पुन्हा चढावयाचा. एका दिवसात अशा किती खेपा कोणी केल्या याच्या गोष्टी खोऱ्यात अभिमानाने सांगितल्या जातात. मला त्या ऐकताना अभिमानापेक्षा मजुरीचा दर विचारावासा वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कड्यावर लोहपट्ट्यांचे उतार आणि ट्राममार्ग झाले, तेव्हा कोठे ही पद्धत मागे पडली. खाणकरी आठवडाभर वरच, दगडी झोपड्यांत राहत आणि सुट्टीला घरी उतरत. डब्स येथील असली एक झोपडी आज डोंगरफिऱ्यांचा निवारा झाली आहे; त्यांपैकी कोणी तेथे रात्र काढली तर ती साहस म्हणून काढतो.

खाण १९८० नंतरच्या दशकात बंद पडली होती. १९९७ मध्ये मार्क विअर या त्याच खोऱ्यातील गृहस्थाने, ज्याच्या आजोबांनी तेथे काम केले होते, ती पुन्हा सुरू केली. २०११ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात त्याचा अंत झाला, पण काम चालू राहिले. आज तेथे दगडही निघतो आणि प्रवासीही आत नेले जातात. डोक्यावर लोखंडी टोपी आणि दिवा चढवून आम्ही भुयारात शिरलो तेव्हा आमचा वाटाड्या, पूर्वी स्वतः दगड फोडणारा एक राकट पण मृदुभाषी मनुष्य, एका प्रचंड पोकळीत थांबला आणि म्हणाला, “हे जे रिकामे दिसते ना, ते सगळे कोणाच्या तरी घरावर आहे.” त्यानंतर बाहेरच्या छपरीत त्याने धोंडा फोडून दाखविला. दोन हलके ठोके, एक कान देऊन ऐकणे, मग तिसरा ठोका. आणि दगड पुस्तकासारखा उघडला. या पट्ट्या छपरावर लावताना मोठ्या खाली आणि वरच्या आढ्याकडे क्रमाक्रमाने लहान अशा लावतात, त्यामुळे पावसाचा भार जेथे अधिक तेथे सांधे कमी येतात. इतकी साधी आणि इतकी सुंदर योजना कोणा स्थापत्यशास्त्राच्या ग्रंथातून आलेली नाही.

आता त्या लोहमार्गाचे. १८८३ साली होनिस्टरच्या खाणवाल्यांनी अशी योजना पुढे आणली, की खिंडीपासून डर्वेंटवॉटरच्या पश्चिम तीरावरून ब्रेथवेटपर्यंत एक फाटा टाकावा आणि तो पेनरिथ-केझिकच्या मार्गास जोडून दगडाची वाहतूक स्वस्त करावी. या योजनेविरुद्ध हार्डविक रॉन्सले नावाच्या तरुण धर्मोपदेशकाने रान उठविले. वृत्तपत्रांत पत्रे गेली, अर्ज झाले, रस्किनसारख्यांची सहानुभूती मिळाली, आणि खाणवाल्यांनी आपले विधेयक मागे घेतले. त्याच वर्षी सरोवर प्रदेशाच्या संरक्षणार्थ एक मंडळ स्थापन झाले. बारा वर्षांनी, १८९५ मध्ये, ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह रॉन्सलेने नॅशनल ट्रस्टची स्थापना केली, आणि १९०२ मध्ये या संस्थेने सरोवर प्रदेशात पहिली जमीन विकत घेतली ती डर्वेंटवॉटरच्या त्याच पश्चिम तीरावर, ब्रँडलहाऊ येथे, वर्गणी काढून. निसर्गरक्षणाच्या इतिहासात होनिस्टरच्या या लढ्याला मोठे स्थान आहे, आणि ते रास्तच आहे.

रॉन्सले जिंकला हे बरे झाले, असेच माझे मत आहे. परंतु हा निकाल देताना मनाला थोडी टोचणी लागते. ज्यांच्या डोळ्यांसाठी तीर निर्मळ राहिला ते बहुतेक पाहुणे होते, आणि ज्यांच्या खांद्यांवर दगडाचे ओझे कायम राहिले ते तेथलेच रहिवासी. त्यांचे म्हणणे त्या पत्रव्यवहारात फारसे कोणी मांडले नाही. आणखी एक विचित्र गोष्ट अशी, की खिंडीच्या माथ्यावरून डब्सच्या खाणीकडे जो ट्राममार्ग गेला होता त्याचे रूळ केव्हाच उखडले गेले, उताराच्या माथ्यावरच्या यंत्रघराचे केवळ जोते उरले, आणि आज हेस्टॅक्स या डोंगराकडे जाणारे शेकडो लोक त्याच सरळसोट बांधावरून आनंदाने चालत जातात. केझिकचा बंद पडलेला लोहमार्गही पायवाट झाला; २०१५ च्या पुराने त्यावरील पूल नेले तेव्हा लोक हळहळले आणि ती वाट दुरुस्त होऊन २०२० मध्ये पुन्हा उघडली. म्हणजे, १८८३ चा तो फाटा झाला असता तर तोही बंद पडला असता, त्यावर बर्च वाढले असते, आणि नॅशनल ट्रस्टनेच त्याच्या रक्षणासाठी वर्गणी मागितली असती! उद्योग जिवंत असतो तेव्हा तो आमच्या दृष्टीला विद्रूप दिसतो आणि मेल्यावर रमणीय. २०१७ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून स्वीकारला, तो मात्र केवळ निसर्ग म्हणून नव्हे तर मनुष्याने घडविलेला भूप्रदेश म्हणून, ही समाधानाची गोष्ट होय.

खिंडीच्या पलीकडचा उतार गेट्सगार्थच्या शेतवाडीपाशी संपतो. उतरताना फ्लीटविथ पाइकच्या पायथ्यावर एक पांढरा क्रूस दिसतो. १८८७ मध्ये येथे पडून मृत्यू पावलेल्या एका तरुण दासीचे ते स्मारक. पुढे बटरमिअर: सुमारे दोन किलोमीटर लांबीचे, तिन्ही बाजूंनी डोंगरांत बसविलेले, आणि माझ्या मते या मुलखातील सर्वांत सुडौल सरोवर. त्याच्या खाली क्रमक वॉटर हे याहून मोठे सरोवर आहे. ही दोन्ही पूर्वी एकच होती, ओढ्यांच्या गाळाने मध्ये सपाट जमीन तयार होऊन दुभंगली, आणि त्या सपाटीवर बटरमिअर गाव वसले. सरोवराभोवती चार मैलांची पायवाट आहे आणि एके ठिकाणी ती खडकाच्या कड्यातून कोरलेल्या छोट्या बोगद्यातून जाते. एकोणिसाव्या शतकातील एका धनिक जमीनदाराला आपला फेरफटका अखंड हवा होता, म्हणून तो खोदविला गेला. या डोंगरांत केवळ हौसेखातर पाडलेले एवढेच एक भोक असावे.

गावातील फिश इन या खानावळीच्या मालकाची मुलगी मेरी रॉबिन्सन हिचे सौंदर्य १७९२ मध्ये एका प्रवासवर्णनकाराने छापून प्रसिद्ध केले आणि बिचारीचा जन्म प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत जमा झाला. १८०२ मध्ये ‘कर्नल होप’ नावाने एक तालेवार गृहस्थ आला, त्याने तिच्याशी लग्न केले. कोलरिजने ही वार्ता लंडनच्या वृत्तपत्राला कळविली आणि तीमुळेच उघडकीस आले की हा जॉन हॅटफील्ड नावाचा, आधीच विवाहित असलेला ठक आहे. पार्लमेंटच्या सभासदाचा टपालहक्क खोट्या सहीने वापरल्याबद्दल १८०३ मध्ये कार्लाइल येथे त्याला फाशी दिले गेले. मेरीला फसविल्याबद्दल नव्हे. मेरीने पुढे एका शेतकऱ्याशी विवाह करून संसार केला. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने जिवंत माणसांविषयी लिहिताना हात जरा आखडता घ्यावा, हे मला या गावात कोणी न सांगता कळले.

जाणाऱ्याने केझिकहून निघून सीटोलरपासून खिंड पायीच चढावी. उन्हाळ्याच्या हंगामात खिंडीवरून बस धावते, ती परतीसाठी ठेवावी. सोबत पावसाचा कोट असावा, मग आकाश कसेही दिसो. आणि वर पोचल्यावर पश्चिमेकडे नजर टाकण्याची घाई न करता आधी खाणीत उतरून यावे. बटरमिअर तासाभराने पाहिले तरी चालते.